‘डिझाइन ठेकेदाराच्या स्कोपमध्ये’ ही ओळ दिसली की काय करायचं

चाकण एमआयडीसीतलं एक काम संपवून दोन वर्षं झाल्यावर तिथे पुन्हा जावं लागलं. जनरेटरचा नवा पाया खोदताना जेसीबीने सांडपाण्याची लाइन फोडली होती. लाइन आम्ही टाकलेली. आम्ही दिलेल्या ॲज-बिल्ट (म्हणजे प्रत्यक्ष जसं बांधलं तसं दाखवणाऱ्या) ड्रॉइंगमध्ये ती सरळ रेषेत होती, प्रत्यक्षात मात्र एका फुटिंगला, म्हणजे कॉलमच्या पायाला, वळसा घालून दोन मीटर बाजूने गेली होती. ते ड्रॉइंग मीच केलं होतं. ‘केलं’ म्हणजे काय, तर जीएफसीची (बांधकामासाठी दिलेल्या मूळ ड्रॉइंगची) फाइल उघडली, टायटल ब्लॉकमध्ये ‘ॲज-बिल्ट’ लिहिलं आणि प्रिंट काढली. हँडओव्हरला चार दिवस उरले होते, बिल अडकलं होतं, सगळे असंच करतात असं ऐकलं होतं. दुरुस्तीचे पैसे आमच्या रिटेन्शनमधून, म्हणजे बिलातून राखून ठेवलेल्या रकमेतून, कापले गेले.

त्याच कामावर शेडचं स्ट्रक्चर, स्प्रिंकलर आणि ऑफिसच्या इमारतीतला पीटी (पोस्ट-टेन्शन्ड, म्हणजे आतल्या केबल ताणून बळकट केलेला) स्लॅब यांचं डिझाइनही आमच्याच स्कोपमध्ये होतं, आणि ते आम्हाला टेंडर भरताना नीट कळलेलंच नव्हतं. नेहमीची पद्धत अशी की कन्सल्टंट डिझाइन करतो आणि ठेकेदार बांधतो. पण काही भागांसाठी कन्सल्टंट फक्त ‘एवढं वजन पेललं पाहिजे, एवढं पाणी पडलं पाहिजे’ इतकंच सांगतो आणि पुढचं डिझाइन ठेकेदारावर सोडतो. अमेरिकेत याला डेलिगेटेड डिझाइन म्हणतात. आपल्याकडे त्याला धड नावही नाही, टेंडरमध्ये कुठेतरी एक ओळ असते. पहिल्यांदाच असं काम घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

१. कोटेशन देण्याआधी डिझाइनच्या ओळी शोधा

ही ओळ एका जागी सापडत नाही. बीओक्यूच्या (कामांच्या आणि प्रमाणांच्या यादीच्या) आयटममध्ये ‘डिझाइन, सप्लाय, इन्स्टॉलेशन अँड कमिशनिंग’ असं असतं. स्पेसिफिकेशनमध्ये ‘ठेकेदाराने कॅल्क्युलेशन सादर करावीत’ असं असतं. जनरल कंडिशन्समध्ये एखादा परिच्छेद असतो, आणि सर्वात धोकादायक म्हणजे ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली बारीक टीप. मी आता हायलायटर घेऊन बसतो आणि ‘डिझाइन’, ‘कॅल्क्युलेशन’, ‘परफॉर्मन्स’, ‘शॉप ड्रॉइंग’ (प्रत्यक्ष बनवण्यासाठी ठेकेदार किंवा फॅब्रिकेटर काढतो ते तपशीलवार ड्रॉइंग) हे चार शब्द सगळीकडे शोधतो.

सहसा ठेकेदाराकडे येणारी कामं: प्री-इंजिनिअर्ड शेड, पोस्ट-टेन्शन्ड स्लॅब, काचेचं फसाड, स्प्रिंकलर आणि हायड्रंट, एसीचं डक्टिंग, खोल खोदाईचं शोरिंग, काँक्रीटचं मिक्स डिझाइन. मिक्स डिझाइन आयएस (भारतीय मानक) १०२६२:२०१९ प्रमाणे आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट करून देतो, त्यात फार अडचण येत नाही. एम ३० काँक्रीटसाठी टार्गेट स्ट्रेंग्थ साधारण ३८.२५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरलेली आहे ना, एवढं बघा आणि ट्रायलचे क्यूब (काँक्रीटचे नमुना ठोकळे) फुटताना स्वतः हजर राहा.

एक गोष्ट मात्र टेंडरमध्ये लिहिलेली असो वा नसो, ती तुमचीच: सेंटरिंग, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला धरणारा तात्पुरता आधार. त्यावर खाली वेगळं लिहिलंय.

शोधून झालं की एक तक्ता करा. कोणता भाग, डिझाइन कोण करणार, तपासणार कोण, फी कुणाच्या खिशातून. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर फी तुमच्या नफ्यातून जाते. प्रूफ चेक, म्हणजे डिझाइनची त्रयस्थाकडून तपासणी, एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजकडून करून घ्यायचा असेल तर त्याचा खर्च आणि त्याला लागणारे आठवडे, दोन्ही आत्ताच धरा.

२. कशावर डिझाइन करायचं ते आधी सही घेऊन ठेवा

याला डिझाइन बेसिस रिपोर्ट म्हणतात. चार-पाच पानांचा कागद असतो, पण सगळ्यात जास्त भांडणं याच्या नसण्यातून होतात. गणित चुकणारे इंजिनिअर मी फार पाहिले नाहीत, गृहीत चुकलेले पुष्कळ पाहिले.

शेडचं उदाहरण घेऊ. एका व्हेंडरने आम्हाला भिवंडीच्या कामाचं डिझाइन दिलं तर ते चाकणला चालेल, कारण मुंबई भागाचा मूळ वाऱ्याचा वेग आयएस ८७५ भाग ३ प्रमाणे ४४ मीटर प्रति सेकंद आणि पुण्याचा ३९. पण उलटं केलं, म्हणजे पुण्याचं डिझाइन मुंबईकडे नेलं, तर? वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४४ चा वर्ग १९३६, ३९ चा १५२१. म्हणजे दाब २७ टक्क्यांनी जास्त. व्हेंडर ‘सेम डिझाइन आहे साहेब’ म्हणतो तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: कुठल्या गावाचं? आणि चालत असलं तरी नवीन जागेच्या नावाने कॅल्क्युलेशन मागाच, कारण भूभाग, उंची आणि दरवाजांची उघडी जागाही बदललेली असते.

दुसरं गृहीत छताला टांगलेल्या वजनाचं. कमी उताराच्या, वर माणूस जाणार नाही अशा छतासाठी लाइव्ह लोड ०.७५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर धरतात, ते सगळ्यांना पाठ असतं. पण स्प्रिंकलरचे पाइप, डक्ट, केबल ट्रे आणि दोन वर्षांनी येणारे सोलर पॅनेल हे वेगळं वजन आहे. मालकाला लेखी विचारा, ‘पुढे छतावर सोलर घालणार आहात का?’ उत्तर ‘नाही’ आलं तरी तो ईमेल जपून ठेवा.

तिसरं, गोदामाचा स्प्रिंकलर. इथे किती पाणी लागेल हे मुख्यतः माल काय आहे आणि किती उंच रचणार यावर ठरतं. आम्हाला सांगितलं होतं ‘पॅकिंग मटेरिअल, जमिनीवर’. स्लॅब झाल्यावर रॅकिंगवाला सहा मीटरच्या रॅकची ड्रॉइंग घेऊन हजर. पंप, टाकी, पाइपचे व्यास, सगळं पुन्हा. नशिबाने ‘जमिनीवर’ हा शब्द बेसिस रिपोर्टमध्ये होता आणि त्यावर मालकाच्या प्रतिनिधीची सही होती, म्हणून जादाचं बिल निघालं.

३. डिझाइनर नेमा, व्हेंडरच्या ‘फुकट डिझाइन’वर जाऊ नका

माल विकणाऱ्याचा डिझाइनर वाईट असतोच असं नाही. पण त्याची सही कुणाच्या वतीने आहे, हे स्पष्ट नसतं. त्याला नेमणूक पत्र द्या. त्यात स्कोप, तपासणीच्या भेटी किती, बदल आले तर फी किती आणि कॅल्क्युलेशनच्या प्रत्येक सेटवर नाव-लायसन्स क्रमांकासह सही हवी, हे लिहा. प्रोफेशनल इंडेम्निटीचा विमा आहे का, हेही विचारा. लहान डिझाइनरकडे बहुधा नसतो, पण विचारल्यावर समोरचा गंभीर होतो.

स्प्रिंकलर-हायड्रंटसाठी एक खास अट आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही यंत्रणा बसवल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म ए, परवानाधारक एजन्सीच देऊ शकते. स्वस्त पडतो म्हणून गावातल्या प्लंबिंगवाल्याकडून काम करून घेतलंत तर शेवटी त्याच्यावर सही करायला कुणीही परवानाधारक तयार होणार नाही. झाला तर त्याचा दर तुम्ही ठरवणार नाही.

४. सबमिट करा, आणि ‘अप्रूव्ह्ड’चा अर्थ नीट समजून घ्या

शॉप ड्रॉइंग, कॅल्क्युलेशन आणि मटेरिअलची डेटाशीट एकत्र पाठवा. एक रजिस्टर ठेवा: नंबर, रिव्हिजन, पाठवल्याची तारीख, परत आल्याची तारीख, कोड. कोड ए म्हणजे मंजूर, बी म्हणजे शेऱ्यांसह मंजूर, सी म्हणजे दुरुस्त करून पुन्हा पाठवा, अशी साधारण पद्धत असते, पण प्रत्येक पीएमसीची (मालकाच्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची) थोडी निराळी. बी मिळाल्यावर लोक कामाला लागतात आणि शेरे विसरतात. शेरे ड्रॉइंगमध्ये उतरवून नवी रिव्हिजन काढा, तीच साइटवर लावा, जुनी फाडा. फाडाच, नाहीतर फिटर त्याच्यावर चहाचा ग्लास ठेवतो आणि एक दिवस त्यातूनच माप घेतो.

मंजुरीच्या शिक्क्याखालची बारीक अक्षरं वाचा. बहुतेक शिक्के सांगतात की तपासणी फक्त डिझाइनच्या सर्वसाधारण हेतूशी जुळतंय का एवढ्यापुरती आहे. मापं, कॅल्क्युलेशन आणि जोडण्यांची जबाबदारी ठेकेदाराचीच.

ही टीप किती महाग पडू शकते ते अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलात दिसलं. १७ जुलै १९८१ ला तिथल्या लॉबीवर टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले, ११४ माणसं गेली. मूळ कल्पनेत छतापासून एकच अखंड रॉड खाली येऊन दोन्ही पूल पेलणार होता. फॅब्रिकेटरच्या शॉप ड्रॉइंगमध्ये त्याचे दोन रॉड झाले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. बसवायला सोपं. पण आता वरच्या पुलाच्या नटावर दोन्ही पुलांचं वजन आलं, म्हणजे दुप्पट. विहिरीत सोडलेल्या दोराला दोघे वेगवेगळ्या जागी धरून आहेत, आणि त्याऐवजी खालचा वरच्याच्या पायाला धरून लटकला, एवढाच फरक. शॉप ड्रॉइंगवर इंजिनिअरचा शिक्का होता. जोडणीचं गणित फॅब्रिकेटर करेल असं इंजिनिअरला वाटलं, आणि इंजिनिअरने ते केलेलंच आहे असं फॅब्रिकेटरला. चौकशीत मूळची जोडणीही कोडपेक्षा कमजोर निघाली. तिथे इंजिनिअरांची लायसन्सं गेली.

म्हणून पत्राने विचारा: ‘या जोडणीचं कॅल्क्युलेशन कोण करणार आहे?’ उत्तर येईपर्यंत ते ड्रॉइंग फॅब्रिकेशनला देऊ नका.

सीमेवरच्या गोष्टी स्वतः जुळवून पाहा. शेडवाला फुटिंगवर येणारे भार देतो, त्यावर आरसीसी कन्सल्टंट पाया काढतो. पहिले आकडे ‘प्राथमिक’ असतात. अंतिम आकडे आल्यावर ते कन्सल्टंटकडे गेले का, हे कुणाच्याच कामात नसतं. ते तुमच्या कामात घ्या.

५. सेंटरिंग: जिथे डिझाइन होतच नाही

आपल्याकडे स्लॅबचं स्टील तीनदा तपासतात आणि सेंटरिंग मुकादमाच्या अनुभवावर सोडतात. साध्या स्लॅबला अनुभव पुरतो. ओलं काँक्रीट साधारण २,५०० किलो प्रति घनमीटर धरा. दीडशे मिलिमीटरचा स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३७५ किलो, वर माणसं, फळ्या, पंपाचा पाइप. पण त्याच मजल्यावर ३०० बाय १२०० चा ट्रान्सफर बीम (वरच्या कॉलमचा भार पेलणारा मोठा बीम) असेल तर त्याचं वजन प्रत्येक मीटर लांबीला ९०० किलो, आणि तेही फूटभर रुंदीत. मुकादम तिथेही प्रॉप (खालून टेकू देणारे खांब) मीटरभर अंतरावरच लावतो, कारण हात तसा बसलेला असतो.

उंचीचा मुद्दा त्याहून फसवा. सडपातळ प्रॉपची उंची दुप्पट झाली आणि मध्ये आडवे बांधले नाहीत तर वाकण्याविरुद्धची त्याची ताकद चौथाईवर येते. एन्ट्रन्स लॉबी, पोर्च, दुहेरी उंचीचा हॉल, अशा जागी सेंटरिंगचं ड्रॉइंग आणि गणित सही घेऊनच करा. आयएस १४६८७:१९९९ याचसाठी आहे. खालच्या बाजूला प्रॉप कशावर टेकतो ते बघा. भराव केलेल्या मातीवर फळीचा तुकडा ठेवून उभा केलेला प्रॉप पावसात खचतो.

सेंटरिंग काढायच्या मुदती आयएस ४५६ मध्ये आहेत: स्लॅबचे प्रॉप साडेचार मीटर गाळ्यापर्यंत ७ दिवस, त्यापुढे १४; बीमचे सहा मीटरपर्यंत १४, त्यापुढे २१. हे साध्या ओपीसी सिमेंटसाठी आणि तापमान १५ अंशांच्या खाली नसताना. हल्ली फ्लायॲशवालं सिमेंट सर्रास असतं, त्याला जास्त वेळ लागतो. ‘सात दिवस झाले की साहेब’ हे वाक्य ऐकलं की सिमेंटची पिशवी आणि क्यूबचा रिझल्ट बघा.

६. ॲज-बिल्ट पहिल्या दिवसापासून

आता माझ्या फुटक्या लाइनकडे. ॲज-बिल्ट शेवटी काढताच येत नाही, कारण शेवटी सगळं झाकलेलं असतं. हत्यारं साधी:

- जीएफसीचा एक वेगळा प्रिंट सेट, त्यावर फक्त लाल पेनने लिहायचं. हा सेट साइट ऑफिसबाहेर जाणार नाही.
- ऑटो लेव्हल आणि पक्का ठरवलेला टीबीएम (लेव्हल मोजायचा संदर्भबिंदू). महिन्यातून एक-दोनदा भाड्याने टोटल स्टेशन.
- स्टीलचा टेप. कापडी टेप ताणला जातो.
- पाटी आणि खडू. ग्रिड, आयटम, तारीख लिहून फोटोत धरायची.

फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून समाधान मानू नका. तिथे फोटो दाबला जातो आणि मूळ माहिती गळते. मूळ फाइल तारखेच्या फोल्डरमध्ये त्याच संध्याकाळी टाका.

काय मोजायचं? झाकलं जाणार ते आधी. गटाराची लाइन: प्रत्येक चेंबरचा इन्व्हर्ट लेव्हल (पाइपच्या आतल्या तळाची पातळी), आणि वळण असेल तिथे जवळच्या दोन कॉलमपासूनची अंतरं. एका कॉलमपासूनचं एकच अंतर निरुपयोगी, त्याने वर्तुळ मिळतं, बिंदू नाही. १ ला १०० चा उतार म्हणजे ४० मीटरला ४० सेंटिमीटर. शेवटच्या चेंबरची लेव्हल तेवढी खाली नसेल तर चूक आत्ताच सापडेल.

शेडचे अँकर बोल्ट: काँक्रीट झाल्याबरोबर मोजा आणि ते आकडे कॉलम निघायच्या आधी फॅक्टरीला पाठवा. कॉलम क्रेनला लटकलेला असताना बोल्ट बारा मिलिमीटर बाहेर आहे हे कळलं, तर कुणीतरी गॅस कटर मागतो. बेसप्लेटचं भोक कापून मोठं करणं हा डिझाइनमधला बदल आहे, डिझाइनरला विचारल्याशिवाय नाही.

पीटी स्लॅब: केबल सरळ नसते. कॉलमवर ती स्लॅबच्या वरच्या बाजूला असते, गाळ्याच्या मध्यावर खाली उतरते. म्हणून नकाशातली जागा पुरत नाही, ठरावीक अंतरावर तिची उंचीही लागते. पुढे एसीवाला कोअर कटर घेऊन येतो तेव्हा त्याला हाच कागद लागणार. आम्ही स्लॅबच्या तळाशी केबलच्या ओळी रंगाने आखून ठेवल्या, फॉल्स सीलिंगच्या वर अजून दिसतात.

बदल झाला की आरएफआय काढा. आपल्याकडे या तीन अक्षरांचे दोन अर्थ चालतात: तपासणीची विनंती आणि माहितीची विनंती. वादाच्या वेळी कुठला होता हे शोधत बसावं लागतं, म्हणून दोन वेगळी रजिस्टरं. तोंडी सूचना आली तर त्याच दिवशी ‘आपण आज साइटवर सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून ईमेल.

७. मंजूर नकाशा आणि ॲज-बिल्ट वेगळे निघाले तर

हे होतंच. एमआयडीसीत बीसीसी (इमारत पूर्णत्वाचा दाखला), महापालिका हद्दीत भोगवटा प्रमाणपत्र. दोन्हीसाठी आर्किटेक्ट पूर्णत्वाचे नकाशे दाखल करतो. एखादी भिंत सरकलेली, जिना फिरलेला असला की तुम्हाला हळूच सांगतात, ‘ॲज-बिल्टमध्ये मंजूर नकाशासारखंच दाखवा’. दाखवू नका. खरं माप दाखवणं तुमचं काम. सुधारित मंजुरी घ्यायची की भिंत पाडायची, हा मालक आणि आर्किटेक्टचा निर्णय. तुमच्या सहीचं खोटं ड्रॉइंग पुढे कुणाच्याही बाजूने उभं राहत नाही, तुमच्या तर नाहीच.

८. सोपवताना काय काय द्यायचं

- शेवटच्या रिव्हिजनची मंजूर शॉप ड्रॉइंग, डिझाइन बेसिस आणि सही केलेली कॅल्क्युलेशन
- ॲज-बिल्ट, पीडीएफ आणि कॅडची फाइल दोन्ही. जीएफसीच्या नावावर सेव्ह केलेली नव्हे, वेगळ्या नंबरची
- स्टीलची मिल सर्टिफिकेटं, क्यूब रिझल्ट, पीटी केबलच्या ताणाच्या नोंदी, पाइपच्या प्रेशर टेस्टचे कागद
- फॉर्म ए, पंपाचे कर्व्ह, वॉरंट्या, देखभालीची पुस्तिका

मालकाला हेही सांगून ठेवा की आगीच्या यंत्रणेचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैत भरावा लागतो. ते तुमचं काम नाही, पण जुलैत फोन तुम्हालाच येतो.

हा गठ्ठा उशिरा दिला तर काय होतं ते करारात बघा. फिडिकच्या १९९९ च्या लाल पुस्तकात (बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय नमुना करारात) तर स्पष्ट आहे: ठेकेदाराने डिझाइन केलेल्या भागाचे ॲज-बिल्ट आणि देखभालीच्या पुस्तिका दिल्याशिवाय तो भाग ताब्यात घेण्यापुरता पूर्ण झाला असं धरत नाहीत. म्हणजे उशिराचा दंड चालू, आणि दोष-दायित्वाचा काळ सुरूच होत नाही. खाजगी करारांत अशी अट थेट नसली तरी शेवटचं बिल इथेच अडतं. मी आता बीओक्यूत ॲज-बिल्टसाठी वेगळा आयटम मागतो. कधी देतात, कधी हसतात.

ट्रान्समिटलची (कागदांसोबतच्या पत्राची) पोच नाव, तारीख, शिक्क्यासह घ्या. ‘मिळालं’ असा फोन म्हणजे पोच नव्हे. तुमची प्रत निदान पाच वर्षं ठेवा. निवासी प्रकल्प असेल तर रेराच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षं दोष दुरुस्त करून द्यायची जबाबदारी विकासकावर असते, आणि तो पत्र घेऊन तुमच्याकडेच येतो. एक हार्ड डिस्क ऑफिसात, एक घरी. माझी घरची कपाटात आहे, आणि चाकणच्या त्या लाइनचं नवं ॲज-बिल्ट त्यात आहे, रिव्हिजन १ म्हणून, वळशासकट.